समोरचं जनावर नैसर्गिक की मायावी? डीएमनं कसं ठरवायचं

मी गुरांचा डॉक्टर. आठवडाभर करवीर तालुक्यातल्या गोठ्यांतनं फिरतो आणि रविवारी राजारामपुरीत मित्राच्या घरी डंजन्स अँड ड्रॅगन्स या, टेबलाभोवती बसून गोष्ट रंगवत खेळायच्या खेळाचा डाव चालवतो. डाव चालवणाऱ्यानं, म्हणजे डीएमनं, एक गोष्ट घरूनच ठरवून यावी: आज समोर येणारा जीव नैसर्गिक आहे की मायावी, आणि खेळाच्या पुस्तकात त्याचा प्रकार कोणता. ड्रुइडला, म्हणजे प्राण्याचं रूप घेऊ शकणाऱ्या निसर्गपूजक पात्राला, कुठलं रूप घेता येईल, प्राण्यांशी बोलण्याचा मंत्र कुणावर चालेल, पॉलिमॉर्फ या रूप पालटणाऱ्या मंत्रानं शत्रूचं काय करता येईल, हे सगळं त्यावर ठरतं. ऐन लढाईत यावर वाद सुरू झाला की डाव तिथंच बसतो.

पहिली गोष्ट, दिसण्यावर जाऊ नका. आपल्या पश्चिम घाटात बरगड्यांवरचं कातडं पसरून झाडावरनं झाडावर तरंगत जाणारा सरडा आहे. पावसाळ्यात कुजक्या लाकडावरची बुरशी रात्री हिरवी चमकते. दाजीपूरच्या जंगलातला मोठा गवा टनाच्या घरात जातो. यात जादू कुठंच नाही. मोठं, विचित्र किंवा चमकणारं म्हणजे मायावी, हा निकष आधी सोडा.

गोठ्यात शिरल्यावर मी मालकाला विचारतो: चारा काय घातला, रवंथ करते का, कितव्या वेताची, वार पडली का. डावातल्या प्रत्येक जीवाला मी हेच प्रश्न लावतो. खातो काय, किती आणि ते त्या जंगलात मिळतं का? पिल्लं होतात का, आणि ती वाढवतं कोण? आजारी पडतो का? मेल्यावर मागं मढं उरतं की नुसता धूर? ग्रिफिन घ्या. तो घोड्यांची शिकार करतो, कड्यावर घरटं बांधतो, अंडी घालतो. चोच गरुडाची आणि धड सिंहाचं असलं तरी माझ्या लेखी हा जगण्यानं पुरता नैसर्गिक जीव आहे.

आता आऊलबेअर, घुबडाचं डोकं असलेलं अस्वल. २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे खेळातल्या जीवांच्या पुस्तकात, त्याच्या उगमाबद्दल वेगवेगळी मतं दिली आहेत: कुणा माथेफिरू जादूगारानं ते घडवलं असं एक, आणि म्हाताऱ्या एल्फांना ते हजारो वर्षांपासून ठाऊक आहे असं दुसरं. इथंच बहुतेकांची गाडी अडते, कारण दोन वेगळे प्रश्न एकात मिसळतात. आला कुठून हा एक, आणि जगतो कशावर हा दुसरा. होल्स्टीनच्या रेतनानं झालेली संकरित गाय माणसानं ठरवून घडवलेली असते, तरी ती चारा खाते, गाभण राहते, तापानं फणफणते. आऊलबेअरचं तसंच. उगम जादूचा धरा हवं तर, पण आज तो शिकारीवर जगतो. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक जीवापुढं दोन रकाने असतात, उगम आणि जगणं.

पुस्तकातला प्रकार हा मात्र तिसराच मामला आहे, तो नियमांसाठी असतो. खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत साध्या प्राण्याच्या बुद्धीचा आकडा १ किंवा २ च असायचा, त्यामुळं बोलका महाकाय गरुड मॅजिकल बीस्टमध्ये, म्हणजे जादुई प्राण्यांत, गेला. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकात तोच गरुड बुद्धी ८ असूनही साधा बीस्ट, म्हणजे प्राणी, होता. आऊलबेअर आणि ग्रिफिन मात्र बीस्ट नव्हेत, मॉन्स्ट्रॉसिटी, म्हणजे अक्राळविक्राळ जीव, म्हणून वाइल्ड शेप या रूप बदलायच्या शक्तीनं ड्रुइडला त्यांचं रूप मिळत नाही. मंत्र लागू पडतो का हे आपल्या आवृत्तीतल्या शब्दावर ठरवा; गोष्टीत तो जीव कसा वागतो हे आपल्या दोन रकान्यांवर.

शंका उरलीच तर अँटिमॅजिक फील्ड, म्हणजे आतली जादू बंद पाडणारा मंत्र, डोळ्यांसमोर आणा. मंत्रानं बोलावलेला जीव त्यात तात्पुरता नाहीसा होतो. ड्रॅगन होत नाही, तो उडतच राहतो आणि आगही ओकतो. तिथल्या निसर्गातच मुरलेली जादू वेगळी आणि कुणी मंत्र म्हणून केलेली वेगळी, असा अधिकृत खुलासाच आहे. मला तो पटतो.

आपल्या मातीतले जीव डावात आणा, ही माझी कळकळीची विनंती. किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला शरभ, तो सिंहासारखा काल्पनिक प्राणी, मी नैसर्गिक ठरवला. एका पोरानं लगेच विचारलं, "डॉक्टर, शरभाला गोचीड हुत्यात का?" मी म्हटलं, होतात की. मग त्यांच्या रेंजरनं, म्हणजे माग काढणाऱ्या पात्रानं, घासून गुळगुळीत झालेलं झाडाचं खोड शोधलं, खाली पडलेली विष्ठा काठीनं फोडली, त्यात केस आणि हाडाचे तुकडे सापडले, आणि शरभाची गुहा कुठल्या अंगाला आहे ते कळलं. मुंज्याचं असं काही निघणार नाही. पिंपळाखाली ना खाल्ल्याची खूण, ना पिल्लांची, तो सरळ अनडेडमध्ये, म्हणजे मेल्यावरही वावरणाऱ्यांत. वेताळ, खवीसही तिकडंच. चकवा मात्र जीवच धरू नका. ती त्या जागेची बाधा आहे. त्याला हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायचे गुण, दिले की त्यातली भीतीच जाते.

आणि डावात एखादा जीव आयत्या वेळी निघालाच, तर त्या दिवसापुरता निकाल खेळाडूच्या बाजूनं द्या, वहीत टिपून ठेवा, आणि पुढच्या डावाआधी दोन्ही रकाने भरून सगळ्यांना कळवा.