होम थिएटर दुकानात नेण्याआधी: या चुका टाळा

आखाजीला धुळ्याला साडूभाऊंकडे गेलो होतो. घरात लेकी-जावयांची गर्दी, बाहेर निंबाला झोका आणि आत चार दिवसांपूर्वी आणलेला 5.1 चा, म्हणजे पाच स्पीकर आणि खोल आवाजासाठी एक वूफर असा, छोटा संच. सिनेमा लावला. गाणी दणक्यात, मारामारी दणक्यात, पण पात्रं बोलायला लागली की सगळी मंडळी पुढे सरकून टीव्हीकडे कान लावायची. साडूभाऊ वैतागले, "काय व्हयनं भो, चार दिनमाच बिघडी गयं!"

बिघडलं काहीच नव्हतं. 5.1 मध्ये संवाद मुख्यतः मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून येतात. त्या स्पीकरची वायर क्लिपमध्ये बसली होती खरी, पण वरचं प्लास्टिक नीट सोललेलं नव्हतं. क्लिपने धरलं होतं प्लास्टिक, तांबं आत कोरडंच. अर्धा इंच वायर सोलून, तारा पिळून पुन्हा बसवली आणि हिरो बोलायला लागला.

नात्यातल्या चार-पाच घरी असे संच लावून दिल्यावर माझं एक मत झालं आहे. नव्या संचाची तक्रार असेल तर मशीनवर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा. आधी वायर, मग टीव्हीची सेटिंग, मग खोली. आणि आपल्याकडे आणखी दोन गोष्टी असतात, वीज आणि ऊन. त्यांच्याकडेही मशीनच्या आधीच पाहावं.

संवाद ऐकू येत नाहीत

रिसीव्हरच्या, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडतात त्या मशीनच्या, मेनूमध्ये टेस्ट टोन असतो. तो लावला की प्रत्येक स्पीकरमधून आळीपाळीने खरखर येते. सेंटरची पाळी आली आणि खरखर आली नाही, तर वायर बघा. आली पण बारीक आली, तर फक्त सेंटरची पातळी 2-3 डेसिबलने वाढवा. सगळा व्हॉल्यूम वाढवून संवाद सुधारत नाहीत, शेजाऱ्यांशी असलेले संबंध मात्र बिघडतात.

मे महिन्यात आणखी एक गुन्हेगार असतो, कूलर. खिडकीतला पत्र्याचा कूलर फुल स्पीडवर असला की हळू बोललेलं सगळं त्याच्या घरघरीत बुडतं. मग माणूस आवाज वाढवतो आणि पुढच्याच दृश्यात बॉम्ब फुटून आजी दचकते. रिमोटवर किंवा मेनूत 'नाइट मोड' असेल तर तो लावा. बारीक आवाज वर येतात, दणके खाली बसतात. नाव रात्रीचं असलं तरी खानदेशात त्याचा खरा उपयोग दुपारी कूलरसमोर आहे. तेवढं करताना कूलरची ओली हवा थेट वूफरवर जात नाही ना, तेही बघून घ्या. त्याची पेटी बहुधा दाबलेल्या लाकडी भुशाची असते, ओल धरली की कडा फुगतात.

पाच स्पीकर, पण आवाज दोघांचाच

टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून वायर घेतली की दोनच वाहिन्या मिळतात, डावी आणि उजवी. बाकीच्या स्पीकरमधून काही आलं तरी ती त्याच दोघांची नक्कल. खरा 5.1 हवा असेल तर ऑप्टिकल (उजेडातून आवाज नेणारी) किंवा एचडीएमआय वायर वापरा.

एचडीएमआयची गंमत अशी की टीव्हीला तीन-चार सॉकेट असली तरी आवाज उलटा बाहेर पाठवणारं बहुधा एकच असतं आणि त्यावर 'एआरसी' लिहिलेलं असतं. एआरसी 2009 मध्ये एचडीएमआय 1.4 बरोबर आलं, जास्त क्षमतेचं ईएआरसी 2017 च्या 2.1 बरोबर. वायर त्याच सॉकेटमध्ये हवी आणि टीव्हीमध्ये सीईसी, म्हणजे एचडीएमआयने जोडलेल्या यंत्रांना एकमेकांना हुकूम देऊ देणारी सोय, चालू हवी. कंपन्यांनी सीईसीची बारशी वेगवेगळी घातली आहेत: सॅमसंगमध्ये ते अॅनीनेट प्लस, एलजीमध्ये सिंपलिंक, सोनीत ब्राव्हिया सिंक. सापडत नाही म्हणून टीव्हीत ते नाहीच, असं समजू नका.

नंतर टीव्हीच्या आवाजाच्या मेनूत 'डिजिटल आउटपुट' पीसीएमवर (टीव्हीनेच उलगडलेला आवाज) अडकलेलं असेल तर ते ऑटो, बिटस्ट्रीम किंवा पास-थ्रूवर (न उलगडता पुढे पाठवलेला आवाज) न्या. साध्या एआरसीवर आणि ऑप्टिकलवर पीसीएम म्हणजे दोनच वाहिन्या. सेट-टॉप बॉक्समध्येही डॉल्बीची वेगळी सेटिंग असते. एवढं करूनही एखादं चॅनेल दोनच वाहिन्यांत ऐकू येईल, कारण ते प्रसारितच तसं होतं.

ऑप्टिकल वायरच्या टोकांना नवीन असताना पारदर्शक प्लास्टिकची टोपणं असतात. ती काढा. हसू नका, मी स्वतः टोपणासकट वायर घुसवून अर्धा तास घाम गाळला आहे. टीव्हीत लावलेल्या वायरच्या दुसऱ्या टोकाला लाल उजेड दिसला की वायर ठीक. ती काटकोनात मात्र दुमडू नका.

ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात? ब्लूटूथवर असाल तर वायर लावा, बहुतेक वेळा तिथेच मिटतं. उलट शब्द आधी येत असतील तर रिसीव्हरमध्ये 'ऑडिओ डिले' थोडा थोडा वाढवत जा.

वूफर कोपऱ्यात कोंबणे

आपल्याकडे वूफरकडून अपेक्षा वरातीतल्या डीजेची असते. म्हणून तो कोपऱ्यात जातो, नॉब शेवटापर्यंत फिरतो आणि मग मांडणीवरची स्टीलची ताटं खणखणायला लागतात. स्पीकर फाटला म्हणून मला ज्या घरी बोलावलं होतं, तिथे खरखर तांब्यावर ठेवलेल्या फुलपात्रातून येत होती. खरखर ऐकली की आधी घरातली भांडी, खिडकीच्या काचा आणि पत्रे हाताने दाबून बघा.

दोन भिंतींच्या कोपऱ्यात बास फुगतो आणि घुमतो. योग्य जागा शोधायची रीत विचित्र आहे, पण ती लागू पडते. वूफर उचलून आपण बसतो त्या जागी ठेवा, बास असलेलं गाणं लावा आणि स्वतः भिंतीकडेने रांगत फिरा. जिथे बास स्वच्छ ऐकू येईल ती वूफरची जागा. हे घरी कोणी नसताना करावं, नाहीतर वर्षभर चेष्टा होते.

रिसीव्हरमध्ये क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज वूफरकडे जातो ती सीमा) 80 हर्ट्झवर ठेवा असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते मोठ्या स्पीकरना चालतं. मुठीएवढ्या स्पीकरना 120 ते 150 हर्ट्झ द्यावे लागतात, नाहीतर मधला आवाज ना त्यांच्याकडून येतो ना वूफरकडून. बास पोकळ वाटला तर वूफरमागचं फेजचं (आवाजाची लाट उलटी करणारं) बटण 0 वरून 180 वर टाकून बघा आणि एखाद्या स्पीकरला लाल-काळी वायर उलटी तर लागली नाही ना, तेही.

फरशी, उघड्या भिंती आणि वर स्लॅब अशा खोलीत आवाज टाळ्यांसारखा परततो. त्यावर महागडे फोम नकोत. समोर जमिनीवर जाड गोधडी, खिडकीला जाड पडदा, एवढ्याने संवाद बरेच स्वच्छ होतात. खोल बास मात्र गोधडीला जुमानत नाही.

घूंऽऽ असा आवाज

काही न लावता स्पीकरमधून सतत घूं येत असेल तर आधी सेट-टॉप बॉक्सची छत्रीकडून येणारी केबल काढून बघा. घूं थांबलं तर गडबड अर्थिंगच्या वेटोळ्याची, म्हणजे यंत्रं वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला जोडली गेल्याची. टीव्ही, बॉक्स आणि रिसीव्हर एकाच बोर्डावर घ्या. घूं घालवायला प्लगची अर्थची पिन मोडणारे शूर मी पाहिले आहेत. ते कधीही करू नका, जिवाशी खेळ आहे. जुन्या घरात सॉकेटला तीन भोकं असतात आणि मागे अर्थची वायरच नसते, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. लाइट गेल्यावरच घूं सुरू होत असेल तर तो स्क्वेअर वेव्ह (ओबडधोबड वीज देणाऱ्या) इन्व्हर्टरचा प्रताप असू शकतो.

वळवाचा पाऊस यायच्या आधी आभाळ कडाडायला लागलं की नुसता स्विच बंद करून भागत नाही. प्लग उपसा आणि छत्रीची केबलही काढा, विजेचा झटका तिथूनही येतो.

आपोआप बंद पडतो

जळगाव-भुसावळला पारा 45 च्या वर जातो, आणि बऱ्याच रिसीव्हरच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा 35 अंशांच्या आसपास दिलेली असते. असं यंत्र आपण काचेच्या बंद शोकेसमध्ये ठेवतो आणि वर सेट-टॉप बॉक्स, त्यावर क्रोशाचा रुमाल. मग तासाभराने ते जीव वाचवायला स्वतःच बंद होतं आणि 'प्रोटेक्ट' लिहून येतं. वर चार-पाच इंच मोकळी जागा सोडा, मागची बाजू उघडी ठेवा आणि प्लग काढून जाळीवरची धूळ मऊ ब्रशने झाडा.

थंड असतानाही चालू करताच प्रोटेक्टवर जात असेल तर बंद करून सगळ्या स्पीकरच्या वायरी काढा आणि पुन्हा चालू करा. आता चालू राहिला तर दोष वायरीत किंवा एखाद्या स्पीकरमध्ये आहे. दर वेळी बंद करून एक-एक वायर जोडत जा, जिथे पुन्हा बंद पडेल तिथे चोर. पुष्कळदा तांब्याची केसाएवढी एक तार शेजारच्या टर्मिनलला टेकलेली सापडते, कधी उंदराने कुरतडलेली जागा. छोट्या संचात चार ओहमच्या (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) जागी कमी ओहमचा जुना स्पीकर लावला तरी हेच होतं.

एकही वायर नसताना बंद पडत असेल तर मात्र दुकान गाठा. वूफरमध्येच अॅम्प्लिफायर असलेला संच असेल तर वूफर, रिमोट आणि एक छोटा स्पीकर सोबत न्या. नुसता वूफर नेला की कारागीर दुसऱ्या दिवशी फोन करून बाकीचं मागवतो, आणि यावलहून जळगावची एक फेरी वाढते.