ब्रिटनमध्ये एलएलएमला जाताय? पैसा २८ दिवस हलू देऊ नका

ब्रिटनमधलं एलएलएम, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवी, पूर्णवेळ केलं तर बहुतेक ठिकाणी वर्षभराचं असतं. पण प्रवेश मिळाल्यावरही व्हिसा पैशाच्या कागदांवर अडू शकतो. उरलेली फी आणि जास्तीत जास्त ९ महिन्यांचा राहण्याचा खर्च, एवढी रक्कम सलग २८ दिवस खात्यात दिसावी लागते. एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून! आपल्याकडे कापूस-सोयाबीनचा पैसा खात्यात आला की कृषी केंद्राची उधारी, मजुरी यात लगेच फिरतो. म्हणून या पैशासाठी वेगळं खातं उघडा आणि त्याचं एटीएम कार्ड घरात कुणाला देऊच नका. हे २८ दिवस संपल्यावर ३१ दिवसांच्या आत अर्ज भरा.

सातबारा कितीही एकरांचा असो, इथे धरत नाहीत. काका-मामाच्या खात्यातला पैसाही नाही. खातं तुमचं किंवा आईवडिलांचं हवं. आईवडिलांचं असेल तर जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र जोडा. ग्रामपंचायतीचा दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. दाखल्यावर वडील ‘रामाजी’ आणि पासबुकावर ‘रामराव’ असं असेल, तर ती दुरुस्ती सगळ्यात आधी हाती घ्या, कारण तिलाच वेळ लागतो.

बँकेचं शैक्षणिक कर्ज तुमच्या नावानं मंजूर असेल तर मंजुरीपत्र चालतं, त्या रकमेला २८ दिवसांची अट नाही. तारणाला शेतजमीन चालेल का, हे मात्र शाखेत आधीच विचारा.