लेसचे हूक करायला घेण्याआधी (आणि रिकामा हूक विसरू नका)

मागच्या वर्षी एका नाटकासाठी बूट आणि हातमोजे करून दिले होते. 1880च्या आसपासची मुंबई, पार्टीला येणाऱ्या तीन मेमसाहेब, घोट्याच्या वर जाणारे लेसचे बूट आणि मनगटापाशी बारीक हुकांवर लेस (म्हणजे नाडी) गुंडाळून बांधायचे हातमोजे. असे हातमोजे खरंच होते बरं का, त्या काळात अमेरिकेत फॉस्टर या नावाने हूकवाले किड लेदरचे (करडाच्या मऊ चामड्याचे) हातमोजे विकले जायचे, जुन्या जाहिराती अजून बघायला मिळतात. आपल्याकडे तयार हूक मिळतात ते ट्रेकिंगच्या बुटांचे, जाडजूड आणि काळे, मेमसाहेबाच्या हातावर ते कुलपासारखे दिसले असते. म्हणून हूक स्वतःच केले. मस्त दिसत होते. तिसऱ्या प्रयोगाला मेमसाहेबाने नायकाच्या खांद्यावरून हात काढून घेतला आणि हाताबरोबर त्याची शालही आली. प्रसंग मरणाचा होता. लोक इतके हसले की पुढची दोन वाक्यं कोणाला ऐकूच गेली नाहीत.

आता पुन्हा तसलंच काम आलंय, म्हणून ही यादी, मुख्यतः माझ्यासाठी. दुसऱ्या कोणाला उपयोग झाला तर बरंच.

सगळ्यात आधी ते, जे मी विसरले होते. रिकामा हूक तपासा. लेस लावलेला नाही, रिकामा. मी सगळे हूक लेस घालून तपासले होते, स्टॉकिंग ओढून बघितलं, साडीचा पदर ओढून बघितला, काही अडकलं नाही, मी खूश. अडकेल कसं, लेस आत बसली की हुकाचं तोंड लेसनेच बंद होतं! लेस काढली की तो हूक म्हणजे मासे पकडायचा गळ. आणि नाटकात हूक रिकामे असतातच. बाई स्टेजवर हातमोजा सैल करते तेव्हा वरचे तीन रिकामे. कपडे बदलायला दीड मिनिट मिळतं तेव्हा बुटाचे वरचे दोन हूक कोणी लावत नाही, 'झग्याखाली कोणाला दिसतंय' म्हणून तसेच सोडतात. ट्रेकवाले पण चढताना घोटा मोकळा राहावा म्हणून वरचा हूक सोडतातच की. म्हणजे जो हूक सगळ्यात वर, कपड्याच्या सगळ्यात जवळ, तोच रिकामा.

आता क्रमाने.

कपडेवाल्यांकडून कापडाचे तुकडे आधी आणा. फोटो नको, तुकडे. झग्याची जाळी, आतल्या पेटीकोटची जाळीदार झालर, नायकाची शाल, बाह्यांचं अस्तर, सगळ्याचा वीतभर तुकडा. प्रत्येक कापड वेगळ्या कारणाने अडकतं. जाळीचं भोक हुकाच्या टोकापेक्षा मोठं असेल तर टोक सरळ आत जातं, मग तुम्ही ते कितीही गुळगुळीत घासा. आमच्या जाळीचं भोक साधारण तीन मिलिमीटर होतं आणि माझ्या हुकाचं टोक अडीच, म्हणजे मी जणू मापच घेऊन केलं होतं. लोकरीची शाल वेगळी, तिचे धागे सुटे उभे असतात, ते कुठल्याही फटीत जातात आणि गेले की पीळ धरून बसतात. नायलॉनच्या स्टॉकिंगला फट लागतच नाही, तिला कडेची एक बारीक बर (पत्रा कापताना राहिलेली धारदार कड) पुरते. तीन कापडं, तीन आजार, औषध एक नाही. पट्टीने जाळीचं भोक मोजा आणि टोक त्यापेक्षा रुंद ठेवा. मी आता टोक पाच मिलिमीटर रुंद आणि चमच्यासारखं गोल करणार आहे, वरून बघितलं तर हूक कमी आणि गुंडी जास्त वाटेल असं.

मग तोंडाचं माप. इथे खरी गंमत आहे. टोक जरा वर उचललेलं ठेवलं की लेस झटकन आत जाते, बाई खूश. पण कापडही तितक्याच झटकन आत जातं. टोक खाली, चामड्याकडे वळवलं की कापड वरून घसरून जातं, पण मग लेस घालताना बोटं दुखतात आणि विंगेतून शिव्या ऐकू येतात. दोन्ही हवं असेल तर फट लेसपेक्षा कमी ठेवा आणि खालचं चामडं मऊ राहू द्या, म्हणजे लेस ओढताना चामडं दबतं, लेस आत शिरते आणि मागे चामडं परत वर येतं. हातमोज्याला मी दोन मिलिमीटरची गोल लेस वापरते, फट सव्वा ते दीड. बुटाला चार मिलिमीटरची लेस, फट तीनच्या आत. हुकाच्या तोंडाखाली बक्रम किंवा कडक पट्टी घालू नका, पट्टी रिवेटच्या (हूक चामड्यावर ठोकून बसवायच्या खिळ्याच्या) खाली हवी, तोंडाच्या खाली नको. मागच्या वेळी मी पूर्ण लांबीची पट्टी घातली होती, लेस जाईना, म्हणून पक्कड घेऊन सगळे हूक जरा जरा उचलले. शाल अडकली ती त्या 'जरा जरा'मध्ये.

आणि हो, ही फट रिकाम्या हुकाची मोजायची. लेस आत असताना फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून काय कळणार.

हूक कुठल्या बाजूला तोंड करून बसतो हे कागदावर काढा. बुटाचे हूक बाहेरच्या बाजूला तोंड करून असतात, नाहीतर लेस ओढली की निसटेल. म्हणजे दोन्ही बुटांच्या आतल्या बाजूचे हूक एकमेकांकडे तोंड करून बघत असतात, चालताना एका बुटाची लेसची फुलगाठ दुसऱ्या बुटाच्या हुकात गेली की माणूस तोंडावर. ट्रेकला असं पडलेला एक तरी मित्र प्रत्येकाचा असतो. त्यामुळे आतल्या बाजूला वरच्या दोन जागी हूक नकोतच, साधे आयलेट (लेस ओवायच्या भोकाची गोल कडी) लावा. प्रेक्षकांना बाहेरची बाजू दिसते. हातमोज्याचं वेगळं: तिथे बाही कोपराकडून खाली येते आणि परत वर जाते, दोन्हीकडून घासते, त्यामुळे तिथे तोंडाची दिशा बदलून काही साधत नाही. तिथे हूक होईल तितका चपटा हवा.

पत्रा. पितळेचा घ्या, पुण्यात बोहरी आळीत मिळतो, बुटाला 20 गेज, हातमोज्याला 22 पुरतो. लोखंडी पत्रा स्वस्त म्हणून घेऊ नका, घामाने गंजतो आणि पांढऱ्या चामड्यावर डाग पडतो. पितळही हिरवं पडतं पण त्याला वेळ लागतो. पत्र्यावर बारीक रेघा दिसतात, रोल झाल्याच्या. हुकाचं वळण त्या रेघांना आडवं यायला हवं. रेघांच्या दिशेने वळवलं तर बाहेरच्या बाजूला केसाएवढी चीर पडते, डोळ्याला दिसत नाही, स्टॉकिंगला बरोबर सापडते. कडक पत्रा आला असेल तर गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवून गार करा, मऊ होतो.

कापायला मी एका प्रेसवाल्या दादांकडे जाते. संख्या आधी ठरवा: बुटाला बाहेरच्या बाजूला चार, आतल्या बाजूला दोन (वरच्या दोन जागी आयलेट), म्हणजे जोडीला बारा, हातमोज्याला एका बाजूला पाच, जोडीला वीस, तीन तीन जोड्यांचे शहाण्णव. मी दीडशे करून घेते, कारण वळवताना काही वाया जातात, काही हरवतात. दादांना सांगितलं होतं तेव्हा म्हणाले, "ताई, दीडशे नगासाठी कोण डाय करतं, दीड हजार तरी घ्या." त्यांचंही बरोबर आहे. शेवटी त्यांनी हँडप्रेसवर एक साधा पंच करून दिला, वळवायचा जिग (साचा) मी घरी केला, लोखंडी पट्टीत खाच मारून.

कापलेल्या तुकड्याला एका बाजूला बर येते, बोट फिरवलं की लागते. ती वळवताना आत ठेवली तर लेस खाते, बाहेर ठेवली तर कापड खाते, त्यामुळे काढायचीच, वळवायच्या आधी. एकदा हूक वळला की आतल्या कोपऱ्यात कानस जातच नाही. मी 400चा पॉलिशपेपर मग 800, हाताने, दीडशे नग, टीव्हीसमोर बसून. 'प्लेटिंग केलं की झाकलं जाईल' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, प्लेटिंग बरवरही तितक्याच प्रेमाने बसतं आणि ती आणखी कडक होते. तपासायचा सोपा उपाय म्हणजे कापूस. कापसाचा बोळा हुकावरून सगळ्या दिशांनी फिरवा, एक धागा जरी मागे राहिला तरी त्या जागी परत घासा. मला वाटलं होतं हे अती आहे. नाही. पहिल्या पन्नासातले एकोणीस कापसात नापास झाले.

आणि कापूस फिरवायचा तो रिकाम्या हुकावर. टोकाच्या खालूनही, फटीतूनही. मी पुन्हा सांगतेय कारण मी स्वतः गेल्या आठवड्यात नवीन नमुना लेस घालून तपासायला बसले होते, हाताला सवयच तशी लागलीय.

एक नमुना झाला की तिथेच थांबा, दीडशे करू नका. एक हातमोजा, एक बूट, पूर्ण. मग दुसऱ्या कोणाला तरी घालायला द्या. स्वतः घातला की आपण आपोआप जपून हात हलवतो. माझ्या भाचीला दिला, सगळ्या लेस काढून, वर जुनी शाल आणि जाळीची ओढणी, आणि सांगितलं घरभर फिर, जिना चढ, शाल काढ, परत घे, कोणाच्या तरी गळ्यात हात टाक. आजीच्या गळ्यात टाकला. ओढणी दोनदा अडकली. दोन्ही वेळा एकाच हुकात, वरून दुसऱ्या, आणि भिंगातून बघितलं तर त्या एकाच हुकाचं टोक बाकीच्यांपेक्षा अर्धा मिलिमीटर वर होतं. नवीन ठोकताना हातोडी तिरकी लागली होती, बाकी काही नाही. अर्धा मिलिमीटर! एवढ्याशा फरकाचा शोध लेस लावून आयुष्यात लागला नसता.

रिवेट. हातमोज्याचं चामडं पातळ, अर्धा-पाऊण मिलिमीटर, मागे चामड्याचीच पट्टी लावल्याशिवाय ठोकू नका, पहिल्याच ओढीला फाटेल. रिवेटची मागची बाजू फुलते ती बाईच्या मनगटाला लागते, तिथे वॉशर आणि वर अस्तर. ठोकून झालं की प्रत्येक हुकाची उंची परत बघा, कारण वर सांगितलं ते.

निकेल प्लेटिंग चकाकतं पण काहींना निकेलची खाज सुटते, हातमोज्याला नकोच, पितळावर लॅकर (पारदर्शक वॉर्निश) मारा. बुटाला चालेल.

बुटाला बाजूने चेन लावा. दिग्दर्शक 'ओरिजिनल हवं' म्हणतील, लावा तरी. आतल्या बाजूला लावली की दिसत नाही, दीड मिनिटात बूट चढतो, आणि मुख्य म्हणजे लेस कायम बांधलेलीच राहते, हूक रिकामा राहतच नाही. ही चेन मागच्या वेळी सुचली असती तर अर्ध्या शिव्या वाचल्या असत्या. हातमोज्याला ही सोय नाही, तिथे सैल करायचा प्रसंगच आहे, त्यामुळे तिथे हूकच नीट करावा लागणार, किंवा दिग्दर्शकांना सांगायचं की बाई हातमोजा काढेल तेव्हा खांद्यावर हात ठेवणार नाही. सांगून बघितलं. नाही ऐकलं.

रंगीत तालमीला कपड्यासकट जा, बाकी काय ते तिथेच कळतं. लाइटखाली चकाकी जास्त वाटली तर मेण लावा. लेसची टोकं मेणात बुडवून ठेवा नाहीतर उसवतात.

डब्यात पक्कड, जास्तीचे वीस हूक, रिवेट, लेस. सुईदोरा कपडेवाल्या मावशींकडे असतो, तरी विचारून घ्या, मागच्या वेळी नेमका पांढरा संपला होता आणि शाल काळ्या दोऱ्याने शिवली.