व्यक्तिमत्त्व विकाराची चाचणी घेताय? या चुका टाळा

प्रश्नावली भरून घेतली, बेरीज केली, कटऑफच्या (ठरवलेल्या गुणमर्यादेच्या) वर गेला की मारला शिक्का. कोल्हापुरात नव्याने कामाला लागलेले बरेच जण हेच करतात. बेरीज बरोबर असते, त्यामुळे चूक झाल्याची शंकाही येत नाही.

सगळ्यात महागात पडतं ते प्रत्येक 'हो' एकाच मापाने मोजणं. हातकणंगले भागातला धनगर समाजातला पेशंट समोर आहे असं धरा. 'पुढं काय घडणार हे काही माणसांना आधी कळतं का?' यावर तो पटकन 'व्हय' म्हणणार. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेत फरांडे बाबांची भाकणूक (भविष्यवाणी) ऐकायला भंडाऱ्यात न्हालेली गर्दी उभी असते. पाऊसपाणी, पीक, राजकारण सगळं त्यात येतं. गुणतक्त्यात मात्र हा 'व्हय' स्किझोटायपलच्या (विचित्र समजुती आणि विक्षिप्त वागणं असलेल्या व्यक्तिमत्त्व विकाराच्या) खात्यात जातो. वास्तविक डीएसएम-५ या अमेरिकी मनोविकार निदानपुस्तिकेच्या निकषातच अट आहे: श्रद्धा त्या माणसाच्या स्वतःच्या समाजरीतीत बसत नसेल, तरच ती धरायची. म्हणून अशा उत्तराशी थांबून विचारावं: घरात, भावकीत आणखी कोण हे मानतं? त्यापायी कामधंदा किंवा नाती बिघडली का? भावकीलाच त्याचं वागणं विचित्र वाटतं का? हे सगळं ठीक निघालं, तर मूळ गुण खोडू नये. शेजारी शेरा लिहावा आणि निदानात तो धरू नये. दहा मिनिटं जास्त जातात. तेवढी नसतील तर चाचणी घेऊच नये.

तसंच, थोरल्या भावाला विचारून ट्रॅक्टर घेणारा माणूस 'अवलंबी' व्यक्तिमत्त्व विकाराचा ठरत नाही.

उलटी चूकही तितकीच वाईट. 'त्यांच्यात असंच असतं' म्हणत हातावर वार करून घेणाऱ्या मुलीला घरी पाठवणं हा निव्वळ आळस आहे.

घरगुती भाषांतराला परदेशी कटऑफ लावू नका. 'मला राग येत नाही असं नाही' असल्या दुहेरी नकाराला घरी कन्नड बोलणारा गडहिंग्लजचा माणूस काय उत्तर देईल, सांगता येत नाही. अल्फा हा आकडा ०.८० आला म्हणजे चाचणी वेगवेगळ्या समाजांत सारखी चालते, हा प्रबंधांतला लाडका गैरसमज. अल्फा फक्त प्रश्नांचं आपापसात किती जमतं एवढंच सांगतो. समाजांच्या सरासरीची तुलना करायची तर घटकरचना (कोणते प्रश्न एका गटात पडतात), लोडिंग (प्रश्नाचं त्या घटकाशी नातं किती घट्ट) आणि इंटरसेप्ट (घटकाची पातळी तीच असताना प्रश्नाला मिळणारे मूळ गुण) हे तिन्ही जुळतात का ते क्रमाने तपासावं लागतं. इंटरसेप्टच जुळले नाहीत, तर विकाराची पातळी तीच असूनही एका समाजाचे गुण फुगतात.

ऐन नैराश्यात किंवा दारू सोडवतानाच्या पहिल्या आठवड्यात प्रश्नावली देऊ नका. व्यक्तिमत्त्व विकार म्हणजे तेवढ्यापुरतं नव्हे, वर्षानुवर्षांचं वागणं: आयपीडीई या व्यक्तिमत्त्व विकार तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय मुलाखतीत वागणं किमान ५ वर्षांचं असावं लागतं आणि त्या विकाराचा कमीत कमी एक निकष पंचविशीच्या आत दिसलेला असावा लागतो.