काळ्या मातीतला सेंद्रिय कर्ब मोजताना

नागपूरला मृदशास्त्रात एम.एस्सी.साठी येणाऱ्या बहुतेकांना वाटतं, माती काळीभोर म्हणजे तिच्यात सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या वनस्पती-प्राण्यांतून आलेला कार्बन) भरपूर. इथल्या कपाशीच्या शेतातल्या मातीत तो अनेकदा अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतो. रंगावर जाऊ नका, मोजा.

सगळ्यात जास्त वेळ नमुन्याला द्या. माती सावलीत वाळवा, ढेकळं लाकडी मोगरीने फोडा, काडीकचरा वेचून काढा. अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेली जेमतेम एक ग्रॅम माती आपण घेतो. तिच्यात मुळांचे बारीक तंतू राहिले तर आकडा फुगतो.

पद्धत वॉकली-ब्लॅक यांची, १९३४ ची. मातीवर १० मिली १ नॉर्मल (नॉर्मल हे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) पोटॅशियम डायक्रोमेट, मग २० मिली तीव्र सल्फ्युरिक ॲसिड, आणि अर्धा तास हात लावायचा नाही. नंतर पाणी, फॉस्फरिक ॲसिड, रंग दाखवणारं डायफिनाइलअमाइन घालून ०.५ नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेटने टायट्रेशन, म्हणजे ते थेंबथेंब सोडून उरलेलं डायक्रोमेट मोजायचं. फ्लास्कमधला रंग गडद निळा-जांभळा होतो आणि एका थेंबासरशी लख्ख हिरवा. तो थेंब टिपायला डोळा तयार व्हावा लागतो. ब्लँक, म्हणजे माती न घालता केलेली हीच चाचणी, रोज लावाच, कारण फेरसचं द्रावण हवेने कमजोर होत जातं.

खरी मेख हिशेबात आहे. ब्लँकला फेरसचं द्रावण २० मिली आणि एक ग्रॅम नमुन्याला १७ मिली लागलं, तर कर्ब ०.४५ टक्के. पण या पद्धतीत साधारण ७७ टक्केच कर्बाचं ऑक्सिडीकरण होतं असं धरून १.३ ने गुणलं, की तोच आकडा ०.५८५. ०.५ च्या खाली ‘कमी’ आणि वर ‘मध्यम’ धरलं, तर तीच माती गट बदलते! म्हणून प्रबंधात १.३ ने गुणलंय की नाही, हे स्पष्ट लिहा. मला हे आकड्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

माती जाळून कार्बन-नायट्रोजन मोजणारं महागडं सीएन ॲनालायझर मिळालं तरी हुरळून जाऊ नका. आपल्या मातीत चुनखडी असते आणि ते यंत्र तिच्यातला कर्बही मोजतं. आधी ॲसिडने चुनखडी काढा, नाहीतर ती वेगळी मोजून वजा करा. भट्टीत माती जाळून वजनातली घट मोजायची पद्धत सोपी, पण चिकणमातीतलं बांधलेलं पाणीही त्या घटीत धरलं जातं. काळ्या मातीसाठी मी ती टाळते.

आणि डायक्रोमेट कर्करोगकारक आहे. ते तोंडाने पिपेटमध्ये कधीच ओढू नका, हातमोजे घाला, उरलेलं द्रावण वेगळ्या कॅनमध्ये साठवा.