ठाण्याहून कोकणातल्या लांबच्या नातेवाइकांकडे गाडीने जाताना

आधी फोन घरातल्या सर्वांत ज्येष्ठ माणसाला करा, भाच्या-पुतण्यांना नंतर. थोरल्यांना दुसऱ्याकडून कळलं, की रुसवा ठरलेलाच. आणि फोनवर फक्त गावाचं नाव घेऊ नका. वाडी, जवळचं देऊळ आणि घरातल्या कर्त्याचं वडिलांसह नाव लिहून घ्या. अख्ख्या वाडीचं आडनाव एकच असतं, त्यामुळे नुसतं आडनाव विचारलं तर भलत्याच अंगणात पोहोचाल.

पहाटे पाचला निघा. ऐरोली, तुर्भे, बेलापूरमार्गे पळस्पे फाटा गाठला, की राष्ट्रीय महामार्ग ६६ सुरू होतो. पुढे पेण, माणगाव, महाड, पोलादपूर. पावसाळ्यात घाटात दरडी पडतात, गणपतीच्या आधीचे दोन-तीन दिवस रस्ता तुंबलेला असतो; हे दिवस टाळलेले बरे. आतल्या वाड्यांत रेंज जाते, म्हणून नकाशा घरीच डाउनलोड करा.

दिवसाला दोनच घरं ठेवा. तिसरं ठरवलं, की पहिल्या घरी चहा अर्धवट टाकून उठावं लागतं, आणि माणसं ते विसरत नाहीत. जेवायला थांबणार की नाही, आदल्या दिवशीच स्पष्ट सांगा. घरटी अर्धा किलो मिठाई पुरे. मधुमेह असेल तिथे फळं.

सगळ्यात मोलाचं म्हणजे जुने फोटो. मोबाइलवर दाखवू नका, मोठ्या आकारात छापून न्या. आजी-आजोबा एकेकाला ओळखू लागले, की मागच्या बाजूला पेन्सिलीने नावं लिहा.