अँटिगनी बसवताना: क्रेऑनसमोरचा प्रवेश

एकांकिकेसाठी ग्रीक नाटककार सोफोक्लीजची ‘अँटिगनी’ घेतली असेल, तर तालमींचा मोठा वाटा क्रेऑनसमोरच्या प्रवेशाला द्या. नाटक इ.स.पू. 441 च्या आसपासचं, पण पेच कुणालाही कळेल असा: भावाला माती द्यायची तर राजा क्रेऑनच्या फर्मानानुसार दगडांनी ठेचून मरायचं. ही शिक्षा अँटिगनीला पहिल्याच प्रवेशात ठाऊक असते. बहिणीला, इस्मीनीला, तीच ती सांगते.

संहिता हाती येताच अँटिगनी करणाऱ्या मुलीकडून क्रेऑनचं पहिलं भाषण मोठ्याने वाचून घ्या. तिचा हा भाऊ, पॉलिनायसीस, आर्गॉस शहराचं सैन्य घेऊन स्वतःच्याच शहरावर चालून आला होता, आणि ते सैन्य आदल्या रात्रीच पळालंय. राजाचं म्हणणं पटण्यासारखं आहे. त्याला खलनायक केलंत की प्रेक्षक दोन मिनिटांत निकाल लावून मोकळे होतात, आणि तिने पणाला लावलेल्या जिवाचं वजन उरत नाही.

माती देणं मूळ नाटकात रंगमंचावर घडत नाही, पहारेकरी येऊन सांगतो. दाखवायचंच असेल तर लक्षात घ्या, मुंबईच्या पावसाळी हवेत मातीचे गोळे होतात. तव्यावर भाजून, गार करून चाळा. रव्याएवढी जाड ठेवा. पिठासारखी झाली तर घशात जाते आणि पुढच्या भाषणाला आवाज बसतो. मूठ कमरेच्या उंचीवरून सोडा आणि विंगेतून साइड लाइट द्या. फक्त समोरून उजेड असला तर पडणारी माती मागच्या रांगांना दिसत नाही.

तिला पकडून आणतात तेव्हा मान खाली असते. क्रेऑनच तसं म्हणतो. ‘केलं, नाकारत नाही’ म्हणतानाही ती लगेच वर करू नका. फर्मान माहीत होतं का, असं तो विचारतो, तिथे करा. तिचं ‘होतं’ साधं, खालच्या पट्टीत हवं. देवांच्या अलिखित नियमांचं भाषण लगेच पुढे आहे. इथेच आवाज चढला तर तिथे चढायला जागा राहत नाही. एकेका ओळीच्या सवालजवाबात मात्र पॉज नको, क्यू झटकन उचला.

पुढे क्रेऑन शिक्षा बदलतो आणि तिला जिवंत गुहेत कोंडायला पाठवतो. गुहेकडे जातानाचा तिचा विलाप ‘ती दुबळी वाटते’ म्हणून कापला जातो. कृपया कापू नका. न झालेल्या लग्नासाठी ती रडते, तेव्हाच तिने काय सोडलं ते कळतं. इस्मीनीला ती तोडून बोलते, तेही मऊ करू नका.

वेळ कमी पडला तर क्रेऑनच्या बायकोचा, युरिडिसीचा, मृत्यू गाळा. पण कोरस, म्हणजे शहरातल्या वृद्धांचा समूह, ‘आधी मुलीला सोडव’ म्हणतो आणि क्रेऑन आधी पॉलिनायसीसच्या प्रेताचं उरकायला जातो, हा क्रम ठेवा. गुहेपाशी पोचायला त्याला उशीर होतो आणि तोवर तिने जीव दिलेला असतो, तो त्यामुळेच.